आधी एरियल बघ

माझ्या लॅपटॉपमध्ये एक छोटी फाईल आहे. मॉडप्रोब-डी नावाच्या फोल्डरात ती असते आणि तिच्यात एकच ओळ आहे. वायफायच्या चिपला दोन अँटेनांपैकी कुठली वापरायची आणि वीज वाचवण्यासाठी मधेच झोपायचं की नाही, एवढंच ती ओळ सांगते. ती टाईप मी केली, पण ती माझी नाही. तिच्यातला अँटेनाचा शब्द ड्रायव्हरला कळावा अशी सोय लॅरी फिंगर या अमेरिकेतल्या माणसानं करून ठेवली होती. त्यांना मी कधी पाहिलं नाही, त्यांच्याशी कधी एका अक्षराचा व्यवहार झाला नाही. आणि तो शब्द शोधायला निघण्याआधी यंत्राला काय विचारायचं असतं, हे मला कराडच्या शनिवार पेठेतल्या एका रेडिओ मेकॅनिकनं शिकवलं. पेठ त्यांना रेडिओवाले काका म्हणायची, मीही तेच म्हणत आले. या दोघांच्या उपकारावर माझा आणि माझ्या घराचा बराच काळ चरितार्थ चालला. उतराई होणं शक्य नाही, पण देणं कुणाचं आणि कशाचं हे नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे.

२०१६च्या दिवाळीनंतर मी पुणं सोडून कराडला आले. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवा हात आणि पाय कामातून गेले होते, आणि आईला एकटीला ते उचलवत नव्हते. पुण्यात मी एका प्रकाशनाकडं मुद्रितशोधनाचं काम करायचे. मालकांनी मोठ्या मनानं सांगितलं, की काम कराडहून करा, फायली मेलवर पाठवतो. काम म्हणजे शाळेच्या पूरक पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि जुन्या पुस्तकांचा श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणून एकेक जोडाक्षर पडताळायचं. दिवसाला दोन-तीन वेळा फायलींची ये-जा. म्हणजे नेट हवंच, आणि तेही घरात, वडिलांच्या खोलीत, कारण त्यांच्याजवळ सतत कुणीतरी लागायचं.

लॅपटॉप मी नवा घेतला होता, डॉसवाला. विंडोज नसलेला, म्हणून काही हजारांनी स्वस्त. आपल्याकडं तेव्हा असे लॅपटॉप पुष्कळ विकले जायचे आणि बहुतेक लोक दुकानातून बाहेर पडायच्या आत त्यात कुणाकडून तरी विंडोज भरून घ्यायचे. माझ्या आत्तेभावानं तसं न करता त्यात उबुंटू १६.०४ घातलं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आयता होता, लिब्रेऑफिस होतं, आणि चोरीचा माल वापरत नाही याचं मला बरं वाटायचं. टंकलेखन तर इतकं सुरळीत व्हायचं, की विंडोजची आठवण झाली नाही.

पण वायफाय! राऊटर बाहेरच्या खोलीत टीव्हीवर ठेवलेला, वडिलांची खोली त्याला लागून. मधे एक भिंत. आईच्या साध्या फोनवर तिथं पूर्ण रेंज यायची आणि माझ्या लॅपटॉपवर एक काडी. राऊटरच्या पुढ्यात जाऊन बसलं की चालायचं, चार पावलं मागं आलं की तुटायचं. त्याहून वाईट म्हणजे मधेच सगळं थिजायचं. माऊसचा बाण जागच्या जागी, घड्याळ थांबलेलं, कुठलीही कळ दाबा, काही नाही. मग बटण दाबून धरून बंद करायचा आणि पुन्हा चालू. एकदा असंच एका प्रकरणाचं तपासलेलं काम गेलं. वडिलांना बोलता येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता.

सर्व्हिस सेंटरला नेला. कुठलं ते लिहीत नाही, कारण असं उत्तर कुठंही मिळालं असतं. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात लिनक्स हाय. विंडोज टाकून आणा, मग बघू." मशिन गॅरंटीत असूनही त्यानं ते उघडलं नाही, की काय होतंय हे विचारलंही नाही.

काकांकडं मी लॅपटॉपसाठी गेले नव्हते. वडिलांचा ट्रान्झिस्टर घेऊन गेले होते. वडील पडून असायचे, बोलणं गेलेलं, पण ऐकणं शाबूत होतं, आणि आकाशवाणी सांगली केंद्र हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती. ट्रान्झिस्टरमध्ये खरखर यायला लागली होती. काकांचं दुकान म्हणजे एका वाड्याच्या ओसरीला फळ्या लावून केलेली जागा. आत भिंतीला मर्फी, बुश, फिलिप्सचे जुने सेट, एका टेबलावर सोल्डरिंगची कावी, रोझिनची डबी, दिव्याखाली भिंग. काकांचं बालपण ओगलेवाडीला गेलेलं. त्यांचे वडील ओगल्यांच्या काच कारखान्यात भट्टीवर होते, ज्या कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघर होता. कारखाना बंद पडला, काचेच्या कामाचा धागा तुटला, आणि काका रेडिओकडं वळले. मग टेपरेकॉर्डर, टीव्ही, स्टॅबिलायझर, जे येईल ते. मी गेले तेव्हा वय सत्तरीच्या पुढं, हाताला जराही कंप नाही.

त्यांनी ट्रान्झिस्टर हातात घेतला आणि उघडायच्या आधी विचारलं, "खरखर कवा होती? आवाज वाढिवताना का आपोआप?" मी म्हटलं, आवाज कमी-जास्त करताना. "मग कंट्रोल साफ करायचा, बाकी कशाला हात लावायचा न्हाई." पाच मिनिटांत काम झालं. पैसे देताना माझ्या पिशवीतला लॅपटॉप त्यांना दिसला आणि त्यांनी सहज चौकशी केली. मी सगळं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, "मला कंप्युटर येत न्हाई, पोरी. पण ह्यो वायफाय म्हंजे रेडिओच का न्हाई? मग आधी एरियल बघ."

लॅपटॉपला एरियल कुठं असते हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पण ते एका जुन्या वहीचं कोरं पान काढून बसले आणि मला विचारायला लागले. कुठल्या खोलीत होतं? राऊटरपासून किती लांब? दुसऱ्या कुणाच्या फोनला तिथं रेंज येते का? थिजतं ते रेंज कमी असताना का कधीही? चार्जर लावलेला असतो तेव्हा पण थिजतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. "मग आठवडाभर लिहून काढ," ते म्हणाले. "येळ, जागा, चार्जर हाय का न्हाई. तवर कायबी बदलू नको."

आठवडाभर मी तसं टिपण ठेवलं, आणि ते टिपणच पुढच्या सगळ्याची किल्ली ठरलं. लॅपटॉप थिजला होता तो बहुतेक वेळा बॅटरीवर असताना. चार्जर लावलेला असताना रेंज तितकीच वाईट असायची, पण मशिन थिजायचं नाही. काकांनी पान बघितलं आणि म्हणाले, "दोन आजार हायत. एक एरियलचा, एक करंटचा. दोन्ही एकदम बघाय गेलीस तर एकाचं लक्षण दुसऱ्याच्या अंगावर दिसतंय. आधी एक धर."

मी इतक्या शाळा-कॉलेजात शिकले, एमएस-सीआयटी केलं, पण गुंता सोडवायला असं कुणी बसवलं नव्हतं.

लिनक्समधली एक गोष्ट मला तोवर वापरून माहीत नव्हती. हे मशिन आपल्याला काय झालं ते सतत लिहून ठेवत असतं. डी-मेसेज हा हुकूम दिला की पानंच्या पानं समोर येतात, आणि प्रत्येक ओळीच्या आधी चौकोनी कंसात एक आकडा असतो. मशिन चालू झाल्यापासून किती सेकंद झाले, तो आकडा. मी ते काकांना दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून पुढं सरकले. "म्हंजे हे सोत्ताच वही ठेवतंय की!" मग आम्ही ती ओळी ओळी वाचायला लागलो. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचे, ते मान हलवायचे, मधेच म्हणायचे, "हे परत परत येतंय, हे काय हाय?"

परत परत येणारी ओळ होती पीसीआय एक्सप्रेसच्या दुरुस्त झालेल्या चुकांची. वायफायचं कार्ड ज्या वाटेनं मुख्य बोर्डाशी बोलतं, त्या वाटेवर संदेश अर्धवट पोचत होते, पुन्हा मागवले जात होते, आणि दर वेळी नोंद होत होती. अशा शेकडो नोंदी. चार्जर काढला की त्या वाढायच्या, कारण बॅटरीवर मशिन वीज वाचवायला बघतं आणि ती वाट मधेमधे बंद करतं. एएसपीएम म्हणतात त्याला. वाट झोपायची, कार्डाला जाग यायला उशीर व्हायचा, आणि केव्हातरी दोघांची गाठच पडायची नाही. मग सगळं ठप्प.

यावर एक उपाय सगळीकडं सुचवलेला असायचा, की त्या चुकांची नोंद करणंच बंद करून टाका. एक शब्द घातला की डी-मेसेज स्वच्छ दिसतं. मी तो काकांना सांगितला. ते पहिल्यांदा नाराज झालेले मी पाहिले. "बोलतंय त्याचं तोंड बांधायचं न्हाई. का बोलतंय ते बघायचं." आम्ही तो उपाय सोडला आणि मशिन चालू होतानाच्या ग्रबच्या ओळीत एएसपीएमच बंद केलं. त्या दिवसापासून थिजणं थांबलं. बॅटरी थोडी लवकर संपायची, त्याला माझी हरकत नव्हती.

राहिला एरियलचा आजार. एल-एस-पीसीआय या हुकमानं चिपचं नाव कळलं, आरटीएल ८७२३ बीई. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच तुकड्यावर, आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर. काकांनी गिगाहर्ट्झ म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं, सेकंदाला २४० कोटी आवर्तनं. त्यांनी पेन्सिल घेतली, तीस कोटी मीटरला त्यानं भागलं आणि म्हणाले, "साडेबारा सेंटिमीटर." मग मागचा एक व्हॉल्व्हचा सेट दाखवला. त्याच्या डायलवर किलोहर्ट्झचे आकडे नव्हते, मीटरचे होते, जुन्या सेटवर असायचे तसे. "आपली सांगली १२५१ किलोहर्ट्झला. म्हंजे लाट २४० मीटरची. ती कशीबी, कुठनंबी येती, वाड्याच्या भिंतीला दाद देत न्हाई. ह्या इवल्याशा लाटंला भिंत मोठी. आणि एरियल बोटाएवढी. ती जाग्यावर नसली तर काय उरलं?"

त्या दुपारी बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, फळ्या हादरत होत्या, आणि हा माणूस मला २४० मीटर आणि साडेबारा सेंटिमीटर यांच्यातला फरक हातवारे करून सांगत होता. पुस्तकातलं भौतिकशास्त्र मला त्या ओसरीवर प्रथमच खरं वाटलं.

लॅपटॉपचं वायफाय चालत नसताना माहिती शोधायला नेट कुठून आणायचं? फोनची यूएसबी वायर लॅपटॉपला जोडून. जिओ सप्टेंबर २०१६ला सुरू झालं होतं आणि २०१७च्या मार्चपर्यंत सगळं फुकट होतं. ते दिवस नसते तर एवढं वाचणं आणि उतरवून घेणं मला परवडलं नसतं. वाचता वाचता एक नाव पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं, लॅरी फिंगर. आरटीएल ८७२३ बीई वापरणारे जगभरचे लोक माझंच रडगाणं गात होते, राऊटरच्या पुढ्यात चालतं आणि मागं सरकलं की तुटतं, आणि त्यातल्या बहुतेकांना हा एकच माणूस शांतपणे विचारत होता: चिप नेमकी कुठली, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल कुठला, डी-मेसेजमध्ये काय लिहिलंय. काकांचेच प्रश्न, दुसऱ्या भाषेत.

दुखणं असं होतं. या कार्डावर अँटेनाची वायर लावायला दोन बारीक पितळी टोकं असतात. काही लॅपटॉप बनवणाऱ्यांनी खर्च वाचवायला एकच वायर दिली, दुसरं टोक रिकामं. कुठल्या टोकाला वायर आहे हे चिपच्या आत कायमचं कोरून ठेवायचं असतं, म्हणजे ड्रायव्हर ते वाचून त्या टोकानं ऐकेल. काही मशिनांत ते कोरताना चुकलं. वायर एका टोकाला आणि नोंद दुसऱ्या टोकाची. लिनक्सचा ड्रायव्हर नोंदीवर विश्वास ठेवून रिकाम्या टोकाकडं कान लावून बसायचा. राऊटर हातभर अंतरावर असेल तर उघड्या पितळेलाही थोडं ऐकू येतं, म्हणून तेवढ्यापुरतं चालायचं. लॅरी फिंगर यांनी ड्रायव्हरमध्ये एक सोय केली. अँट-सेल या शब्दापुढं १ किंवा २ लिहिलं की ड्रायव्हर कोरलेल्या नोंदीकडं दुर्लक्ष करून आपण सांगू ते टोक धरतो. माझ्या उबुंटूतल्या ड्रायव्हरमध्ये ती सोय नीट लागू पडत नव्हती, पण त्यांनी स्वतः वेगळी ठेवलेली नवी प्रत होती, कुणीही घ्यावी आणि आपल्या मशिनवर बांधून घ्यावी अशी.

१ की २? लोक दोन्ही करून बघत होते. मीही तेच करणार होते. काका म्हणाले, "डोळं हायत तर अंदाज कशाला?" त्यांनी लॅपटॉप फडक्यावर उपडा ठेवला, मागचे स्क्रू काढले, आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला त्या जागेचं चित्र कागदावर काढून त्या त्या ठिकाणी चिकटपट्टीनं लावून ठेवला. लांबी वेगवेगळी असते, चुकून लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्ड फुटतो. मग नखानं कडेकडेनं झाकण उचकटलं. आत भिंग धरून बघितलं. बोटाच्या दोन पेरांएवढं कार्ड, त्याच्या एका टोकाला काळी वायर, जी बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला गेलेली. दुसरं टोक मोकळं, चकचकीत, कधी काही न लागलेलं.

"बघ," काका म्हणाले. आणि कितीतरी वेळ आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

मी म्हटलं, "काका, मग वायर काढून ह्या टोकाला लावू या की. काम झालं." त्यांनी मान हलवली. तो जोड तांदळाच्या दाण्याएवढा, मोजक्या वेळा काढ-घाल सोसणारा, आणि उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला कंपनीची जोडणी जशीच्या तशी दिसली पाहिजे. "जे सांगून दुरुस्त हुतंय त्याला चिमटा लावायचा न्हाई. तुझा तो अमेरिकेतला माणूस सांगाय शिकवतोय न्हवं? मग सांग त्याला." वायर पहिल्या टोकाला होती. झाकण लागलं, स्क्रू आपापल्या घरी गेले.

ड्रायव्हर बांधणं हा दोन संध्याकाळींचा उद्योग झाला. कर्नलच्या हेडर फायली उतरवायच्या, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. पहिल्यांदा सगळं बिनबोभाट पार पडलं आणि शेवटी ड्रायव्हर चढायला नकार: रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल. सिक्युअर बूट चालू होतं आणि घरी बांधलेल्या ड्रायव्हरवर कुणाची सही नव्हती. बायोसमध्ये जाऊन ते बंद केलं. मग मॉडप्रोब-डीमधली ती ओळ लिहिली आणि मशिन पुन्हा सुरू केलं. वडिलांच्या खोलीत बसून सिग्नलचा आकडा बघितला. आधी वजा ८४ असायचा, आता वजा ४९. हा आकडा लॉगच्या हिशेबात असतो, दर दहाला दहापट. पस्तीसचा फरक म्हणजे आधीच्या सुमारे तीन हजार पट ताकद. वायर तीच, भिंत तीच, राऊटर तोच.

त्या रात्री मी तीन प्रकरणं पुण्याला पाठवली. वडिलांच्या उशाशी सांगली केंद्र चालू होतं.

पुढं प्रत्येक वेळी उबुंटूनं कर्नल नवा केला की ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागायचा. ते मी न कुरकुरता करायचे. मग केव्हातरी तो नव्या कर्नलमध्येच व्यवस्थित यायला लागला आणि बांधायचं काम संपलं. ज्यांनी हे केलं त्यांच्याविषयी मी हळूहळू वाचत गेले. २००५च्या सुमाराला लिनक्सवर वायफायचे हाल होते. ब्रॉडकॉमच्या चिपा अनेक लॅपटॉपांत होत्या, पण त्या कशा चालतात याचं एकही पान कंपनी द्यायला तयार नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कायद्याला धरून एक पद्धत पाळली. एका गटानं कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचं वर्णन लिहायचं, आणि दुसऱ्या गटानं तो ड्रायव्हर न बघता, नुसत्या वर्णनावरून नवा लिहायचा. त्यातून झालेला ड्रायव्हर जून २००६च्या २.६.१७ या कर्नलमध्ये दाखल झाला. लॅरी फिंगर त्या कामातले. पुढं रिअलटेकच्या चिपांचे ड्रायव्हर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. कर्नलमध्ये त्यांच्या नावावर दीड हजारांच्या घरात दुरुस्त्या आहेत. निवृत्तीच्या वयात, ऐंशी ओलांडल्यावरही ते हे करत होते. कराडमधल्या एका खोलीत एक मुलगी वडिलांजवळ बसून काम करू शकेल का, हा विचार त्यांच्या मनात असण्याचं काही कारण नव्हतं. पण सोय करताना त्यांनी ती माझ्यासाठीही केली होती, आणि मला गरज पडायच्या आधी केली होती. हे मला कळलं तेव्हा मी फार हलले होते. अजूनही त्याबद्दल लिहिताना घसा दाटतो.

काकांनी पैसे घेतले ते ट्रान्झिस्टरचे. लॅपटॉपचे देऊ केले तर म्हणाले, "ह्यात मी शिकलो. शिकल्याचं पैसं घेत न्हाई." मग मी दुसरं काहीतरी शोधलं. त्यांच्याकडं वह्यांची चळत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सेटची नोंद: कुठल्या गावचा, सेट कुठला, तक्रार काय, सापडलं काय. रेठरे, उंब्रज, मसूर, ओंड, पाटणकडची खेडी. वाळवी लागायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, या मी टाईप करून देते, त्याच लॅपटॉपवर. ते लाजले, पण दुसऱ्या दिवशी पहिली वही पिशवीत घालून घरी घेऊन आले, आणि वडिलांच्या पलंगाशेजारी बसून चहा घेतला.

त्या नोंदी टाईप करणं हा माझ्या आयुष्यातल्या आनंदाच्या कामांपैकी एक. एकेक ओळ अशी: 'बुश. शॉर्टवेव्ह लागते, सांगली लागत नाही. फेराइट रॉडवरची तार तुटलेली. जोडली.' 'फिलिप्स. काटा हलत नाही. डायलची दोरी निसटली.' 'मर्फी. काही दोष नाही. गिऱ्हाइकाच्या घरी व्होल्टेज कमी. पैसे घेतले नाहीत.' त्या बुशच्या नोंदीपाशी मी थांबले होते. एक लहर लागते आणि दुसरी लागत नाही, कारण दोन्हींच्या एरियल वेगळ्या. माझा लॅपटॉप न बघताच काकांनी पहिला प्रश्न एरियलचा का विचारला, त्याचं उत्तर त्या वहीत कित्येक वर्षं पडून होतं.

वडील २०१९मध्ये गेले. लॉकडाऊनमध्ये तोच लॅपटॉप आमच्या आळीतल्या पोरांच्या ऑनलाईन शाळेला बसला, आणि लोक आपापले जुने लॅपटॉप घेऊन दारात यायला लागले. मी प्रत्येकाला आधी विचारायचे, कधी होतं, कुठं होतं, चार्जर लावलेला असतो का. सैदापूरकडच्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाच्या मशिनवरही हाच अँटेनाचा घोळ निघाला, फक्त त्याची वायर दुसऱ्या टोकाला होती. झाकण मीच उघडलं, आणि स्क्रूंचं चित्र काढून त्यावर स्क्रू चिकटवले. काकांनी तोवर दुकान बंद करून मुलाकडं राहायला जायचं ठरवलं होतं. वह्यांच्या छापील प्रती मी बांधून त्यांच्या सामानात ठेवल्या. मूळ वह्या त्यांनी माझ्याकडंच ठेवायला सांगितल्या.

२१ जून २०२४ला लॅरी फिंगर गेले. त्यांच्या पत्नीनं ते लिनक्सच्या मंडळींना कळवलं, आणि मग जगभरच्या लोकांनी आपापल्या मशिनांच्या कहाण्या लिहिल्या. मी सगळ्या वाचल्या. संध्याकाळी काकांना फोन केला. त्यांना आता ऐकायला कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागतं. म्हटलं, "काका, आपल्या लॅपटॉपची एरियल ज्यांनी लावून दिली ते अमेरिकेतले गृहस्थ वारले." ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग वय विचारलं. घरी कोण कोण आहे विचारलं. आणि मग म्हणाले, "मग आता ते काम कोण बघतंय?"

मी सांगितलं, तैवानचे एक इंजिनिअर बघतात, पिंग-के शिह. रिअलटेकमध्येच असतात, आणि लॅरींच्या हयातीतच त्यांनी ते हातात घेतलं होतं.

"शिकवून गेला म्हंजे," काका म्हणाले, आणि मुलाला फोन देऊन त्याच्याकडून ते नाव वहीत लिहून घ्यायला लावलं. पिंग-के शिह हे नाव मी तीनदा सांगितलं, एकेक अक्षर तोडून.